टेकडीची पाठचिकित्सा

पुण्याला ‘विद्येचे माहेरघर’ म्हणण्याची रूढी आता इतकी जुनी झाली आहे की त्या शब्दांकडे कोणी थांबून पाहत नाही. हे माहेरघर शहरात नेमके कोठे आहे, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पेठा, वाडे आणि बोळ उभे राहतात. नकाशा मात्र वेगळे सांगतो. फर्ग्युसन महाविद्यालय, भारत सेवक समाज, गोखले अर्थशास्त्र संस्था, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, विधी महाविद्यालय, फिल्म इन्स्टिट्यूट, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि खुद्द विद्यापीठ या सर्व संस्था मुठेच्या पश्चिमेला, एका टेकड्यांच्या रांगेला वेढा घालून बसलेल्या आहेत. पेठांत शाळा निघाल्या, वृत्तपत्रे निघाली, वाद झाले. उच्च शिक्षण आणि संशोधन मात्र टेकडीच्या पायथ्याशी वाढले. प्रस्तुत लेखात या टेकड्यांचा एक मजकूर म्हणून विचार करण्याचा आमचा प्रयत्न आहे. हा मजकूर एकहाती नाही. त्यात अनेक लेखकू आहेत, पाठभेद आहेत, प्रक्षेप आहेत आणि काही ओळी मुद्दाम खोडलेल्याही आहेत.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडा भूगोल. फर्ग्युसनच्या मागे उभी असलेली बुटकी टेकडी म्हणजे फर्ग्युसन टेकडी किंवा हनुमान टेकडी. तिच्या पश्चिमेला सेनापती बापट रस्ता आणि त्यापलीकडे वेताळ टेकडी. ही पुणे शहरातील सर्वांत उंच टेकडी असून समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ८०० मीटर आहे; शहर साधारण ५६० मीटरवर वसलेले आहे. विधी महाविद्यालयामागची टेकडी ही या वेताळ टेकडीचीच पूर्वेकडची सोंड. उत्तरेला चतुःशृंगी, आणि तिच्या पायथ्यापासून गणेशखिंड ओलांडली की विद्यापीठ. चढ सौम्य आहे, वाटा रुळलेल्या आहेत, आणि सकाळच्या दोन-तीन तासांत दोन्ही टेकड्या सहज पायांखालून जातात. साध्या चपला घालून आलेले आजोबाही येथे रोज दिसतात. गिर्यारोहणाचा आव आणण्याचे येथे कारण नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही पावसाळ्याच्या अखेरीस या वाटेने जातो, आणि इतिहासाच्या तासाला जे चार भिंतींत सांगून पोचत नाही ते येथे न सांगता पोचते, असा आमचा अनुभव आहे.

या मजकुराचा सर्वांत जुना थर दगडाचा. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून घडला. हाच पाषाण टेकडीच्या पूर्वेला, आजच्या जंगली महाराज रस्त्यावर, कोणीतरी आठव्या शतकाच्या सुमारास कोरला आणि पाताळेश्वराचे लेणे घडवले. ते ज्या भांबुर्डे गावाच्या हद्दीत होते, त्या गावाचे नाव आता शिवाजीनगर झाले आहे. भांबुर्डे हे नाव प्रामुख्याने वनखात्याच्या राखीव जंगलाच्या नोंदीत उरले आहे. टेकडीच्या माथ्यावर वेताळ आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला वेताळ भेटतो तो पंचविशीत, विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा. माथ्यावरचा वेताळ हा त्या कथाग्रंथाच्या छायेतून आलेला नाही. तो गावशिवेवरचा, शेंदूर ल्यालेला, राखणदार देव आहे. गावकऱ्यांची आणि गुराख्यांची टेकडीशी असलेली जुनी ओळख त्याच्या रूपाने अद्याप टिकून आहे. म्हणजे महाविद्यालये येण्यापूर्वी टेकडी ‘रिकामी’ होती, हे पहिलेच गृहीतक तपासून पाहावे लागते.

महाविद्यालय आले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ ची, फर्ग्युसनची १८८५ ची. आरंभी ते शहरातच भरत असे. नदीपलीकडची सध्याची वास्तू उभी राहिली ती १८९५ च्या सुमारास. वामन शिवराम आपटे हे पहिले प्राचार्य. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले, पण जून १८९५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. शहराबाहेर विस्तीर्ण मोकळी जागा मिळाली, हे त्या स्थलांतराचे व्यावहारिक कारण. पण त्याने शिक्षणाचा परिसरच बदलला. ‘हवा खायला जाणे’ हा शब्दप्रयोग आज थोडा विनोदी वाटतो. त्या काळच्या सुशिक्षिताच्या दिनक्रमात मात्र त्याला निश्चित स्थान होते. अर्थार्जनाशी, देवदर्शनाशी किंवा नातेसंबंधांशी संबंध नसलेले चालणे ही त्या वर्गाच्या दृष्टीने नवी गोष्ट होती. सोबत्याशी बोलत चालावे, वाद घालावा, आणि घरी परतताना मत थोडेफार बदललेले असावे, अशी ही रीत होती. महाविद्यालयाच्या पाठीशी टेकडी असणे म्हणजे या रीतीला हक्काची जागा मिळणे.

त्या जागेचा सर्वांत गंभीर उपयोग झाला तो १२ जून १९०५ रोजी. त्या पहाटे गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमागच्या टेकडीवर गेले. सोबत नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत पटवर्धन होते. सूर्योदयाच्या वेळी त्यांनी देशसेवेच्या सात प्रतिज्ञा घेतल्या आणि भारत सेवक समाजाचा आरंभ झाला. टेकडीवरचा स्मृतिस्तंभ त्या प्रसंगाची खूण सांगतो. वास्तविक अशा विधीसाठी पुण्यात देवळांची वाण नव्हती. गोखल्यांनी मंदिर निवडले नाही आणि सभागृहही निवडले नाही. मंदिर एका धर्माचे ठरले असते, सभागृह एका संस्थेचे. टेकडी कोणाचीच नव्हती, म्हणून सर्वांची होती. धर्मनिरपेक्ष सार्वजनिक जीवनाची दीक्षा घ्यायला अशी जागा निवडणे यात त्या पिढीची एक संपूर्ण विचारसरणी दिसते, असे आम्हाला वाटते.

त्याच वर्षी, अवघ्या चार महिन्यांनी, ऑक्टोबर १९०५ मध्ये त्याच महाविद्यालयाच्या वसतिगृहातील विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याने पुण्यात विदेशी कपड्यांची होळी करण्यात पुढाकार घेतला. प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी त्यांना दंड केला आणि वसतिगृहातून काढले. एक राजकारण टेकडीवर शपथ घेत होते, दुसरे पायथ्याशी होळी पेटवत होते. पुढच्या शतकभराच्या राष्ट्रीय वादाचे दोन पाठ एकाच आवारात, एकाच वर्षी लिहिले गेले. संपादकाने यांपैकी एक ‘मूळ’ आणि दुसरा ‘प्रक्षिप्त’ ठरवण्याची घाई करू नये. दोन्ही हस्तलिखितांत आहेत.

याच आवारातून तिसरी एक वाट निघते, आणि तिच्यात हवा खाण्याचा भाग अजिबात नाही. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा दिल्यानंतर गणित शिकवण्यासाठी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये आले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगच्या दिवसांत आश्रम शहरात चालवणे अवघड झाले, आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावरील एका झोपडीत गेला. कर्वे दिवसा महाविद्यालयात शिकवत आणि संध्याकाळी सुमारे चार मैल चालत हिंगण्याला जात. वाटेत शेते, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि पाठीवर आश्रमासाठी घेतलेले सामान. ही वाट टेकडीच्या दक्षिणेकडून, एरंडवण्यावरून जात असे. १९१६ मध्ये त्याच हिंगण्यात त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. पुण्याचे ‘अधिकृत’ विद्यापीठ १९४९ चे. म्हणजे या परिसरातले पहिले विद्यापीठ त्याच्या तेहतीस वर्षे आधी एका चिखलवाटेच्या टोकाला सुरू झाले होते. त्या दिशेने जाणाऱ्या आजच्या गजबजलेल्या मार्गाला कर्वे रस्ता म्हणतात. तो रस्ता पायी ओलांडणे हे आता टेकडी चढण्यापेक्षा अवघड झाले आहे, ही गोष्ट वेगळी.

टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी भांडारकर संस्था आहे. तिची स्थापना ६ जुलै १९१७ ची. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. स. सुखटणकरांनी १९२५ पासून प्रमुख संपादक म्हणून या कामाला शास्त्रीय बैठक दिली. १,२५९ हस्तलिखिते तपासून, त्यांची कुळे लावून, शक्य तितक्या जुन्या पाठापर्यंत पोचण्याचा हा उद्योग होता. विद्यार्थ्यांना आम्ही येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. चिकित्सक आवृत्तीने जे श्लोक मूळ संहितेतून वगळले, ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते जपून छापले. निर्णय घ्यायचा, पण ज्यावर निर्णय घेतला तो पुरावा वाचकाच्या हाती ठेवायचा, ही त्या पद्धतीची नीती आहे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मागे हीच आवृत्ती उभी आहे. आणि त्याच इरावतीबाईंनी पंढरीच्या वारीत चालून ‘वाटचाल’ हा निबंध लिहिला, हेही विसरता कामा नये. ग्रंथ आणि पाय ही ज्ञानाची दोन साधने त्यांच्या ठायी एकत्र आली होती.

याच परिसरात राहणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पायांचे साधन शास्त्राच्या पातळीवर नेले. त्यांचे वडील धर्मानंद फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत. दामोदर कोसंबींनी १९३० च्या दशकात तेथेच गणित शिकवले आणि नंतर ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहणे मात्र पुण्यातच, टेकडीच्या सावलीत. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरताना त्यांनी सूक्ष्मास्त्रे, म्हणजे अश्मयुगीन माणसाची इवलीशी दगडी पाती, गोळा केली. ती कोठे सापडतात, मेंढपाळांच्या वाटा कोठून जातात आणि म्हसोबा, वेताळ, मातृदेवता यांची ठाणी कोठे आहेत, हे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. १९६२ मधील ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात त्यांनी मांडले की मातृदेवतांची जुनी ठाणी ही प्राचीन वाटांच्या तिठ्यांवर असतात. देऊळ नंतर येते. आधी वाट असते. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा करत, कारण इतिहास कागदात आहे अशी त्यांची श्रद्धा होती. कोसंबींनी पायपीट तीच ठेवली, पण पायाखालची वाट हाच कागद मानला.

कोसंबी वाचून टेकडीवर गेले की दृष्टी बदलते, याचा प्रत्यय आम्हाला एका विद्यार्थ्यामुळे आला. वर्गात फारसा न बोलणारा, दुष्काळी तालुक्यातून आलेला हा मुलगा वेताळ टेकडीच्या उतारावर थांबला आणि म्हणाला, की ही वाट माणसांची नाही, शेळ्यांची आहे. फिरायला येणारा माणूस सरळ वर चढतो. शेळी उतारावर आडवी जाते, जिकडे पाला असेल तिकडे. त्याने बोट दाखवल्यावर आम्हा सर्वांना त्या आडव्या रेघा दिसू लागल्या. एकावर एक, वहीच्या पानासारख्या. त्या उतारावरून आम्ही अनेक वर्षे गेलो होतो. पुस्तकातील संकल्पना आणि घरचे ज्ञान यांची गाठ अशी पडते, तेव्हा शिक्षकाने बाजूला उभे राहणे हेच योग्य.

वेताळ टेकडीच्या माथ्यावर एक सोडून दिलेली दगडाची खाण आहे. पावसाळ्यात तिच्यात पाणी साठते आणि लोक तिला तळे समजून छायाचित्रे घेतात. दगड फोडणे हे परंपरेने वडार समाजाचे काम. ज्या शहराच्या भिंती अशा खाणींतून उभ्या राहिल्या, त्या शहराच्या टेकडीवर दगड फोडणाऱ्यांचा स्मृतिस्तंभ नाही. झाडांचीही अशीच कथा. या टेकड्यांचे मूळ रूप घनदाट अरण्याचे नव्हते. गवताळ माळ, मधूनमधून सालई, मोई, गणेर, हेंकळ यांसारखी कमी पाण्यावर तगणारी झाडे, पावसाळ्यात चार महिने उगवून जाणाऱ्या कंदवर्गीय वनस्पती, आणि या मोकळ्या जागेवर जगणारे चंडोल-तित्तिर, असे ते रूप होते. टेकडी ‘उजाड’ आहे असे ठरवून तिच्यावर मोठ्या प्रमाणात ग्लिरिसिडिया लावण्यात आली. मराठीत तिला गिरिपुष्प म्हणतात, उंदीरमारीही म्हणतात. झाड परदेशी, वाढ भराभर, आणि तिच्या सावलीत जुने गवत मागे हटते. पाठचिकित्सेच्या भाषेत हा प्रक्षेप झाला. लेखकूचा हेतू चांगला होता. त्याला मूळ ओळ अपुरी वाटली, म्हणून त्याने स्वतःची भर घातली. बहुतेक प्रक्षेप अशाच सद्हेतूने होतात.

दोन टेकड्यांमधून जाणाऱ्या सेनापती बापट रस्त्याच्या बाजूला गोखलेनगर आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून जो पूर आला, त्यात घरे गमावलेल्यांची वसाहत येथे झाली. रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्या पांडुरंग महादेव बापट यांनी १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह केला होता. धरणाने उठवलेली माणसे आणि धरणाविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव यांची अशी शेजारशेजारची नोंद कोणी ठरवून केलेली नसेल; पण वाचणाऱ्याने ती वाचावी.

चतुःशृंगीच्या बाजूने उतरून गणेशखिंडीत आलो की विद्यापीठाचे प्रवेशद्वार. मुख्य इमारत ही मुळात मुंबईच्या गव्हर्नराचे निवासस्थान. बांधकाम १८६४ ते १८७१ या काळातले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि सत्तेचे घर विद्येकडे आले. येथे आम्ही एकच वर्ष सांगतो, १८९७. त्या वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २२ जून रोजी याच गव्हर्नमेंट हाउसमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला, आणि तेथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर आणि लेफ्टनंट आयर्स्टवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. बाहेर साथ, आत मेजवानी, रस्त्यावर पिस्तूल. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीत ती मेजवानी झाली, तिच्यावर आता त्याच साथीत देह ठेवलेल्या स्त्रीचे नाव आहे. नामांतर म्हणजे केवळ पाटी बदलणे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा टेकडीवरून खिंडीत उतरून त्या वास्तूसमोर उभे राहावे.

आता प्रश्न या मजकुराच्या भवितव्याचा. १९९७ मध्ये शहरात आलेल्या तेवीस गावांच्या हद्दीतील टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्यात आले. दीर्घ वादानंतर शासनाने ते २०१५ मध्ये कायम केले. विद्यापीठाजवळची गणेशखिंड बाग २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. दुसरीकडे, वेताळ टेकडीच्या कुशीतून बालभारती ते पौड फाटा रस्ता नेण्याचा जुना प्रस्ताव पुन्हा पुढे आला, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याविरुद्ध नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. मोर्चात रोज फिरायला येणारे होते, वनस्पतिशास्त्रज्ञ होते, विद्यार्थीही होते.

आमचे मत रस्त्याच्या विरोधात आहे, हे लपवण्याचे कारण नाही. ही टेकडी पावसाचे पाणी मुरवते आणि भोवतालच्या वस्तीला मोकळी हवा देते, एवढी कारणेही पुरेशी आहेत. तथापि टेकडीच्या बाजूने बोलताना आपण कोणती भाषा वापरतो, याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी तरी लक्ष द्यावे. रस्ता मागणारा म्हणतो, ‘ही जागा रिकामी आहे.’ टेकडीचा प्रेमी म्हणतो, ‘ही जागा निर्मळ आहे, अस्पर्श आहे.’ दोघांचे गृहीतक एकच आहे. दोघांच्याही वाक्यात शेळ्या राखणारा नाही, दगड फोडणारा नाही, अमावस्येला वेताळाला नारळ वाहणारा नाही. टेकडी आमच्या वर्गाची सकाळची फेरी म्हणूनच वाचवायची असेल, तर आज ना उद्या एखादे कुंपण पडेल, फाटकावर तिकीट लागेल, आणि टेकडी वाचूनही हरवेल. गोखल्यांनी ती जागा निवडली ती कोणाचीही नव्हती म्हणून. ते तिचे सार्वजनिकपण टिकले पाहिजे.

म्हणून सुचवावेसे वाटते, की या टेकडीचीही चिकित्सक आवृत्ती व्हावी. ती छापील असण्याची गरज नाही. ज्यांच्या महाविद्यालयापाशी अशी टेकडी, तळे, माळ किंवा नदीकाठ आहे, त्या शिक्षकांनी वर्षातून एक तास तेथे घ्यावा. संहिता कोणती आणि प्रक्षेप कोणता यावर विद्यार्थ्यांना भांडू द्यावे. मात्र जे वगळले जाईल ते तळटीपेत जपण्याची सुखटणकरांची शिस्त सोडू नये. प्रतिज्ञेचा स्तंभ संहितेत घ्यावा आणि वडारांची खाण परिशिष्टात ढकलावी, की उलट करावे, हा निर्णय त्यांनी करावा. त्या चर्चेत उतारावरच्या आडव्या रेघांची नोंद राहिली, तर तो तास सत्कारणी लागला असे समजावे. जाताना पाण्याची बाटली घ्यावी, आणि ती रिकामी झाली तरी परत घेऊन यावी.